चहाच्या विटेत सोनफुलं फुलवताना: हूनानच्या फूच्वान चहाची कृती

विटेच्या कडेतून बोथट सुरी आत सरकवायची आणि मनगटाने हलकेच वर उचलायची. चहाचा एक जाडसर पापुद्रा सुटतो. तो उजेडाला धरला की काळपट तपकिरी पानांच्या आणि काड्यांच्या फटींत पिवळे कण दिसतात, झेंडूचे पराग कुणी आत शिंपडावेत तसे. भिंग असेल तर लावून बघा. एकेक कण गोल, सुटा, स्वच्छ पिवळा. कापसासारखे तंतू नाहीत, हिरवट डाग नाही. वास कोंदट नसतो. जुनं लाकूड आणि सुकवलेली फळं एकत्र ठेवलेल्या कपाटासारखा असतो.

हे कण म्हणजे बुरशी. चिनी लोक तिला 'चिन-ह्वा', म्हणजे सोनफुलं म्हणतात. शास्त्रीय नाव युरोशियम क्रिस्टॅटम. नव्या वर्गीकरणात अ‍ॅस्परजिलस क्रिस्टॅटस. ज्या विटेत ती दाट धरली ती वीट उत्तम, आणि जिच्यात धरलीच नाहीत ती वाया गेलेली, असा या चहाचा साधा हिशेब आहे. चीनच्या हूनान प्रांतातल्या आन्ह्वा तालुक्यात आणि शान्शी प्रांतातल्या चिंगयांगमध्ये ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पान खुडण्यापासून वीट कपात येईपर्यंतची तिची कृती इथे पायरीपायरीने मांडतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याशी येऊन मिळते. कोवळ्या कळ्यांचा चहा उंची आणि काड्यांचा चहा म्हणजे गाळ, अशी आपली पक्की समजूत असते. फूच्वानमध्ये, म्हणजे या सोनफुलांच्या विटेत, काडी हवीच. दाबलेल्या विटेत हवा खेळती राहते ती काडीमुळे, आणि हवा नसेल तर सोनफुलं धरत नाहीत. चिनी मानकातही या विटेत सुमारे २० टक्क्यांपर्यंत काड्या चालतात, त्या नाइलाज म्हणून नव्हे.

हा नेमका कोणता चहा

नावांचा घोळ आधी सोडवू. आपण ज्याला काळा चहा म्हणतो त्याला चिनी भाषेत 'होंग-छा', म्हणजे लाल चहा म्हणतात. 'हेइ-छा'चा शब्दशः अर्थ काळा चहा, पण तो प्रकारच निराळा. फूच्वान त्यातलाच. आपल्या नेहमीच्या चहात पानातलीच विकरं हवेशी मिळून पान काळं करतात. त्याला आंबवणं म्हणायची पद्धत पडली असली तरी खरं आंबवणं ते नाही. हेइ-छात आधी पान तापवून ही विकरं थांबवतात, आणि मग ओल, ऊब आणि सूक्ष्मजीव यांच्या हाती पान सोपवतात. इडलीचं पीठ ज्या अर्थाने आंबतं, त्या अर्थाने हा चहा आंबतो.

मिंग राजवटीतल्या १५२४ च्या नोंदीत हेइ-छा हा शब्द आढळतो. १५९५ मध्ये हूनानच्या चहाला घोड्यांच्या बदल्यात द्यायचा सरकारी चहा म्हणून मान्यता मिळाली. सीमेपलीकडच्या भटक्या पशुपालकांकडे घोडे होते आणि मांस-दुधाच्या जेवणाला त्यांना चहा हवा होता. चीनला लढाईसाठी घोडे हवे होते. आन्ह्वाचा सुटा चहा होड्यांतून आणि मग खुष्कीच्या मार्गाने उत्तरेला शीआनजवळच्या चिंगयांगला जाई. तिथे त्याच्या विटा पडत आणि पुढे कान्सू, छिंगहाय, शिनच्यांगकडे निघत. वीट जागा कमी घेते, प्रवासात चुरा होत नाही, उंटाच्या पाठीवर नीट रचता येते. मंगोलिया आणि सायबेरियात तर चहाच्या विटा पैशासारख्या चालत.

सोनफुलं फक्त चिंगयांगमध्येच धरतात, असं शेकडो वर्षं मानलं जाई. तिथलं पाणी, तिथली हवा आणि तिथल्या माणसांचा हात, या तिन्हींवाचून फूच्वान होत नाही असं लोक म्हणत. १९५३ मध्ये आन्ह्वाच्या बायशाशी कारखान्यात हूनानमधली पहिली यशस्वी वीट पडली आणि तो समज मोडला. १९५८ मध्ये चिंगयांगमधलं काम बंद झालं, ते या शतकात पुन्हा उभं राहिलं. ही कला २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली आणि २०२२ मध्ये चीनच्या इतर पारंपरिक चहाकलांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेली.

पान खुडणं

कळी आणि चार-सहा पानं असलेला, देठ जाड झालेला शेंडा घेतात. पान जून असलं पाहिजे, पण वाळकं नको. कोवळा शेंडा चिवट लगदा होऊन बसतो. जुनं पान रूप टिकवतं आणि त्यात साखरेचे अंश जास्त असतात, म्हणून पुढे चहाला अंगची गोडी येते. अशा शेंड्यात काडी आपोआप येते, ती निवडून टाकत नाहीत.

कढई

पहिलं खरं काम आगीवर. चिनी नाव 'शा-छिंग', म्हणजे हिरवेपणा मारणं. हिरव्या चहालाही हेच करतात, पण इथे एक अडचण आहे. जून पानात पाणी कमी असतं. तसंच तापत्या कढईत टाकलं तर कडा करपतात आणि देठ आतून कच्चा राहतो. म्हणून आधी पानांवर पाणी शिंपडतात, दहा किलो पानांना साधारण एक किलो. पानं पावसाने किंवा दवाने ओली असतील तर शिंपडायची गरज नाही. हे पाणी कढईत वाफ होतं आणि ती वाफ देठात शिरते.

कढई मोठी, जरा कलती बसवलेली, २८० ते ३२० अंश सेल्सिअसला तापलेली. एका वेळी चार-पाच किलो पान. आधी दोन्ही हातांनी भराभर उलटायचं. हाताला चटका सोसेना की लाकडी काटा घ्यायचा आणि पानं उंच उधळून वाफ मोकळी करायची. वाफ दाटली की काट्याने आणि गवताच्या कुंच्याने पानं गोल फिरवत झाकल्यासारखी परतायची. उधळणं आणि कोंडणं आलटून पालटून. नुसतं उधळलं तर पान कोरडं पडतं, नुसतं कोंडलं तर पिवळं पडतं. हे सगळं उरकतं दोनेक मिनिटांत.

झालं हे ओळखायचं कसं? पान गर्द हिरवं आणि निस्तेज होतं, मुठीत दाबलं तर मऊ आणि किंचित चिकट लागतं. गवताचा उग्र वास जातो. जाड देठ वाकवला तर तुटत नाही, वळतो. ही देठाची परीक्षा सर्वांत भरवशाची.

मळणं

पान गरम असतानाच मळायचं, कारण जून पान गार झालं की ताठरतं. हात हलका, गती सावकाश, वेळ थोडा. जोर लावला तर पानाचा पातळ भाग शिरांपासून सुटतो आणि हातात जाळी उरते. कोवळी पानं पिळून सुरळी होतात, जून पानांना नुसत्या सुरकुत्या पडतात. तेवढ्याने भागतं, कारण पानाचा रस पृष्ठभागावर आणण्यापुरतंच हे मळणं आहे. गोळे झाले तरी फोडत बसत नाहीत. तसेच गरम गोळे थेट ढिगावर जातात.

ढीग, म्हणजे चहाची अढी

या पायरीला चिनीत 'वो-त्वेइ' म्हणतात. आपल्याकडे कैऱ्या गवतात रचून अढी घालतात, तिची आठवण येते. आत ऊब कोंडते, वास बदलतो, आणि अढी लावणारा माणूस मध्येच हात घालून अंदाज घेतो. इथेही सगळं हातावर आणि नाकावर चालतं.

स्वच्छ फरशीच्या, उन्हापासून दूर असलेल्या खोलीत पानांचा साधारण एक मीटर उंच ढीग करतात. खोली २५ अंशांच्या वर, हवेत ८५ टक्क्यांच्या आसपास दमटपणा. पानांत पाणी साधारण ६५ टक्के असावं. फार सुकी वाटली तर थोडं शिंपडतात. वरून ओलं फडकं आणि गवती पांघरूण घालतात. आपल्या इरल्याची आठवण करून देणारी गवताची पाऊसझूलही या कामी येई. ओल उडू द्यायची नाही, ऊब जाऊ द्यायची नाही, पण ढीग तुडवून घट्टही करायचा नाही.

आत दोन गोष्टी बरोबरीने चालतात. दमट उष्णतेने पानातली तुरट द्रव्यं मोडू लागतात, आणि यीस्ट, जिवाणू व बुरश्या त्या कामाला जोर देतात. ढीग आतून तापत जातो. ४५ अंशांच्या वर गेला तर पान काळं पडून त्याची चव बसते, म्हणून तेव्हा ढीग उलटून बाहेरचं आत आणि आतलं बाहेर करतात. हवामानाप्रमाणे बारा ते चोवीस तास लागतात. उकाड्यात त्याहूनही लवकर आवरतं.

ढीग पिकला याच्या खुणा अशा. वरच्या पानांवर पाण्याचे बारीक मणी जमतात. हिरवा रंग जाऊन पिवळसर तपकिरी येतो. हात आत घातला तर चांगलाच गरम लागतो. मघाचे चिकट गोळे आता थापटी मारताच सुटतात. आणि वास: आंबट, नाकाला झोंबणारा, दारू गाळल्यावर उरलेल्या चोथ्यासारखा. नवख्याला वाटेल माल नासला. अनुभवी माणूस याच वासाची वाट बघत बसलेला असतो. तो वास येण्याआधी ढीग मोडला तर चहा कच्चा आणि तुरट राहतो. येऊन गेल्यावर उशीर केला तर पान चिकट होतं आणि पाणचट चव येते. ढीग मोडला की पानं पुन्हा एकदा थोडी मळतात, कारण ढिगात सुरळ्या सैल झालेल्या असतात.

युन्नानच्या 'पिकवलेल्या' पु-अर चहालाही अशी अढी लागते, पण ती पद्धत १९७३ मध्ये बसवली गेली आणि तिचा ढीग आठवडेच्या आठवडे चालतो. आन्ह्वाचा ढीग एका दिवसाचा, कारण खरं आंबवणं पुढे विटेत व्हायचं असतं.

सात ताऱ्यांची चूल

सुकवण्याची चूल आन्ह्वाची खास ओळख आहे. तिला सप्ततारका चूल म्हणतात: खाली जाळ, वर सात भोकांतून समान पसरणारी धग आणि तिच्यावर बांबूची चटई. इंधन पाइनचं लाकूड. चटईजवळची उष्णता ७० अंशांच्या आसपास आली की दोन-तीन सेंटिमीटरचा पहिला थर पसरतात. तो साठ-सत्तर टक्के सुकला की त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. असे पाच ते सात थर, एकूण जाडी १८ ते २० सेंटिमीटर. खालच्या सुकत्या थराची वाफ वरच्या ओल्या थरातून जाते, म्हणून कोणताही थर एकदम करकरीत होत नाही. शेवटी वरचं खाली करून पुन्हा सुकवतात. एकूण तीन-चार तास.

देठ वाकवताच टचकन मोडला आणि पान चोळताच भुकटी झाली, की काम झालं. पाइनच्या धुराचा मंद वास चहात मुरलेला असतो. हा झाला कच्चा हेइ-छा. तो पोत्यांत भरून मुरायला ठेवतात. विटा नंतर पडतात.

वीट पाडणं

वेगवेगळ्या प्रतीचा कच्चा चहा मिसळून, कापून, चाळून घेतात. धूळ, खडे, केस निघाले पाहिजेत. काड्यांचं प्रमाण इथेच राखतात. फार लांब काडी विटेत आडवी राहून वीट फोडते, म्हणून ती कापावी लागते.

मग चहाला कडक वाफ देतात, एक मिनिटाच्या आसपास. वाफेने पान मऊ होतं आणि चहात आधीच असलेल्या नको त्या बुरश्याही मरतात. वाफाळलेला चहा पुन्हा तीन-चार तास रचून ठेवतात. पहिल्या ढिगात जो कच्चेपणा राहिला असेल तो इथे जातो.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. चहाच्या काड्या आणि जाडीभरडी पानं उकळून त्यांचा दाट काढा करतात आणि तो विटेच्या चहात मिसळतात. साधं पाणी घालून ओल आणता आली असती. पण काढ्यात बुरशीला लागणारं खाणं असतं. ज्या काड्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यात कोपऱ्यात पडल्या असत्या, त्यांच्याच रसावर सोनफुलं वाढतात. काढा घातल्यावर चहातलं पाणी २३ ते २६ टक्क्यांच्या मधे आलं पाहिजे. यापेक्षा कमी असेल तर फुलं विरळ धरतात. जास्त झालं तर हिरव्या-काळ्या बुरश्या घुसतात. दोन-तीन टक्क्यांच्या या फटीत सगळा खेळ आहे.

ठरलेलं वजन तोलून, वाफ देऊन, साच्यात दाबतात. प्रचलित वीट दोन किलोची, ३५ सेंटिमीटर लांब, साडेअठरा रुंद आणि पाच जाड. तिच्याच वजनाची आन्ह्वाची 'काळी वीट' साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जाड असते. हा दीड सेंटिमीटरचा फरक लक्षात ठेवा. फूच्वान मुद्दाम सैल दाबतात. लोखंडासारखी घट्ट दाबलेली वीट दिसायला रेखीव असते, पण आत श्वास घ्यायला जागा नसते. वीट साच्यातच निवू देतात, मग काढून कागदात गुंडाळतात. गरम विटेला लगेच बाहेर काढलं तर ती फुगते आणि कोपरे ढासळतात.

चिंगयांगची हाताची पद्धत याहून वेगळी आणि बघण्यासारखी. तिथे कढईत चहा परतता परतताच काढा घालतात, आणि तो गरम चहा साच्यात बसवलेल्या कागदी पिशवीत थोडा थोडा ओततात. एक जण ओततो, दुसरा कडेकडेने ठोकत जातो: कोपरे घट्ट, मध्य जरा सैल. कडा घट्ट असल्या की वीट मोडत नाही, मध्य सैल असला की फुलं धरतात. यंत्राच्या दाबाला हा फरक समजत नाही, म्हणून हाताने ठोकलेली वीट आजही मानाने विकली जाते.

फुलं धरणं

'फा-ह्वा', म्हणजे फुलं येणं. इथे माणसाने फक्त खोली सांभाळायची.

विटा फळ्यांवर उभ्या ठेवतात, दोन विटांमध्ये दोनेक सेंटिमीटर अंतर. खोलीचं तापमान २६ ते २८ अंश, दमटपणा ७५ ते ८५ टक्के. बारा ते पंधरा दिवस हेच राखायचं. तापमान वर गेलं तर वीट वेळेआधी सुकते आणि उष्णता आवडणाऱ्या दुसऱ्या बुरश्या जोर धरतात. फार खाली उतरलं तर फुलं उमलतच नाहीत. खिडक्या थोड्या उघडायच्या, थोड्या मिटायच्या. खोलीत हवा फिरावी, पण वारा विटेला लागू नये.

आठव्या दिवसाच्या सुमारास एखादी वीट फोडून बघतात. आत पिवळे ठिपके दिसू लागले असतील तर मार्ग बरोबर आहे. पांढरट कापूस किंवा हिरवा पट्टा दिसला तर ओल जास्त राहिली, किंवा वाफ नीट लागली नव्हती. नंतर काही करून तो घाण डाग निघत नाही, म्हणून आधीच्या पायऱ्यांत कसर ठेवता येत नाही.

हीच बुरशी जिंकते कशी, हा प्रश्न मलाही बराच काळ पडला होता. उत्तर ओलीत आहे. युरोशियम जातीच्या बुरश्यांना कमी पाण्यात जगता येतं. वाफेने आधीचे प्रतिस्पर्धी मारले, मग ओल बहुतेक बुरश्यांना अपुरी पण हिला पुरेशी अशी ठेवली, की मैदान हिचंच. कारागिरांना शेकडो वर्षं सूक्ष्मदर्शक मिळाला नव्हता. हाताच्या अंदाजाने त्यांनी नेमकी हीच फट शोधली होती. वाढता वाढता ती तुरट द्रव्यं बदलते. चहाचा रंग नारिंगी-तांबूस होतो, घशाला बोचणारा कडवटपणा जातो आणि एक खास सुगंध येतो. त्याला तिथे फुलांचाच वास म्हणतात.

मग वाळवण. पाच ते सात दिवस खोलीचं तापमान रोज दोन-तीन अंशांनी चढवत ४५ च्या आसपास नेतात. घाई केली तर बाहेरचा थर वाळून आतली ओल अडकते. पाणी १४ टक्क्यांच्या आत आलं की वीट बाहेर काढून निवू देतात. वीट पडल्यापासून धरलं तर एका विटेमागे जवळजवळ तीन आठवडे जातात. चिनी मानक म्हणतं, दर ग्रॅमला सोनफुलांचे किमान दोन लाख जिवंत घटक असावेत, आणि काळी, हिरवी, पांढरी किंवा लाल बुरशी अजिबात नको.

घरी करावं का

बरेच जण विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो: फुलं धरण्याची पायरी घरी करू नका. इडलीच्या पिठात काही बिघडलं तर आंबट वासाने कळतं. इथे तसं नाही. अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही याच कुळातली बुरशी, आणि तिचा रंगही पिवळट हिरवा असतो. डोळ्यांनी खात्री पटत नाही. कारखान्यात पाणी मोजतात, बुरशीची शुद्ध कल्चर वापरतात, माल तपासतात. ज्याला हे शिकायचंच आहे त्याने तिथे जाऊन, हात घालून शिकावं. स्वयंपाकघरात मात्र चांगली वीट ओळखणं, फोडणं, उकळणं आणि सांभाळणं पुरे.

निवडणं आणि फोडणं

वीट घेताना वजन आणि जाडीचा मेळ बघा. फार दगडी लागली तर मनात शंका ठेवा. शक्य असेल तर फोडलेला तुकडा मागा. पृष्ठभागावर फुलं नसली तरी चालतं, बाहेरचा थर लवकर सुकतो. आत, मधल्या भागात ती दाट आणि सारखी पसरलेली हवीत. काळपट किंवा हिरवा लोकरीसारखा थर, ओल्या गोणपाटाचा वास, चिकटपणा यांपैकी काहीही आढळलं तर तुकडा कापून बाकीचं वापरायचा मोह टाळा, पूर्ण वीट टाका.

फोडताना विटेच्या अरुंद बाजूने, थराच्या दिशेने सुरी घाला. वरून कुऱ्हाडीसारखे घाव घातले तर पानांची भुकटी होते आणि चहा गढूळ उतरतो. सुरी स्वतःकडे ओढू नका, बाहेरच्या दिशेने ढकला. आठवड्यापुरता चहा फोडून बरणीत भरला की रोजची खटपट वाचते.

उकळणं

हा चहा उकळायचाच आहे. जून पान आणि काडी नुसत्या गरम पाण्याला दाद देत नाही. एक लिटर पाण्याला सहा-सात ग्रॅम. आधी उकळतं पाणी ओतून दहा सेकंदांत काढून टाका, म्हणजे धूळ जाते. मग ताज्या पाण्यात घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं. रंग पिकलेल्या संत्र्याच्या सालीसारखा आला की गाळा. त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतून जरा जास्त वेळ उकळा. अनेकांना दुसरा घाणाच जास्त आवडतो, मलाही.

शिनच्यांगच्या कझाक घरांत चहा दाट उकळून त्यात दूध आणि मीठ घालतात. साखरेची सवय असलेल्या आपल्या जिभेला पहिला घोट अवघड जातो; बरोबर भाकरी किंवा एखादा तेलकट पदार्थ असेल तर मिठाचं मर्म कळतं. तिबेटातला लोणी-चहा आणि लडाखचा गुरगुर चहा याच घराण्यातले. लेहला पूर्वी ल्हासाहून येणाऱ्या तांड्यांबरोबर चहाच्या विटा येत. मात्र तिबेटला जाणाऱ्या विटा मुख्यतः सिचुआनमधल्या या-आनच्या. त्यांत सोनफुलं नसतात. लडाखात लांबुळक्या लाकडी नळीत चहा, लोणी आणि मीठ घुसळताना येतो तो आवाज ऐकला असेल, तर नाव कशावरून पडलं ते वेगळं सांगायला नको.

एक सावधगिरी मनापासून सांगतो. चहाचं झाड मातीतलं फ्लोराइड शोषतं आणि ते जुन्या पानांत साठत जातं. विटेचा चहा दिवसभर, वर्षानुवर्षं पिणाऱ्या तिबेट आणि अंतर्गत मंगोलियातल्या लोकांमध्ये हाडं-दातांचे फ्लोरोसिसचे विकार आढळले आहेत. म्हणून चीनने विटेच्या चहात दर किलोला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. दिवसाला एक-दोन कप पिणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. पण यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या ज्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या माणसाने हा चहा रोजचा करू नये, आणि लहान मुलांना तर देऊच नये.

पावसाळ्यात सांभाळणं

कोरड्या हवेत कागदातली वीट पुठ्ठ्याच्या खोक्यात, भिंतीपासून दूर, उन्हाआड ठेवली की वर्षानुवर्षं टिकते आणि मऊ होत जाते. आपल्याकडे अडचण जून ते सप्टेंबरची. माझी पहिली वीट मी मसाल्याच्या डब्यांशेजारच्या उघड्या फळीवर ठेवली होती. श्रावण संपेपर्यंत एका कोपऱ्यावर राखाडी बुरशी आली आणि उरलेल्या भागाला हिंगाचा वास लागला. ती टाकून द्यावी लागली. आत फुलं इतकी दाट होती, की आजही त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून मृगाआधी वीट दोन कागदांत गुंडाळून कोरड्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो. डबा देवघरापासून, कापूर-उदबत्तीपासून, मसाल्यांपासून आणि सुक्या मासळीपासून लांब, वरच्या फळीवर. फ्रिजमध्ये नाही, कारण बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं. पावसाच्या चार महिन्यांसाठी लागेल तेवढा चहा आधीच फोडून छोट्या बरणीत भरून ठेवतो, म्हणजे मोठा डबा सारखा उघडावा लागत नाही. दसरा झाला, हवा कोरडी पडली, की डबा उघडायचा आणि वीट दोन दिवस सावलीत, सुपात पसरलेल्या कोऱ्या कागदावर ठेवायची. मग कडेने एक पापुद्रा काढून उजेडाला धरायचा.